दोन दांड्यांचा माणूस

आमचे हे क्रेन चालवतात. रस्त्यात दिसते ती लांब मानेची क्रेन नव्हे. पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या साठवायचं एक अवाढव्य गोदाम आहे. त्याच्या छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लोखंडी पूल आडवा टाकलाय, तो रुळांवरून पुढेमागे सरकतो, आणि त्या पुलाच्या पोटाला काचेची एक केबिन लटकवलेली आहे. हे त्यात बसतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा पटकन बोलून गेले, "अहो, तुम्हाला कोंडून ठेवलंय की काय?" हे हसले नाहीत. संध्याकाळी जेवता जेवता एकदम हसले. विनोद ह्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे मी तेव्हापासून धरूनच चालते.

केबिनमधल्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा. डाव्याने क्रेन चालते: पुढे, मागे, या कडेला, त्या कडेला. उजव्याने हुक वरखाली होतो. मागे ओढला की वर, पुढे ढकलला की खाली. हात सोडला की दांडा आपोआप मधे येतो आणि सगळं थांबतं. संपलं. एवढ्यावर ह्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या हुकाला ट्रकभर वजनाची गुंडाळी लटकत असते, आणि खाली माणसं असतात.

त्या माणसांतला एक म्हणजे शिट्टी. त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. गुंडाळीत हुक अडकवायचा, शिट्टी वाजवून वर इशारा द्यायचा, गुंडाळी उचलली की तिच्या कडेकडेने चालत जायचं आणि जागेवर नीट बसवून घ्यायची, हे त्याचं काम. आमचे हे वर, तो खाली. काम करताना एकमेकांशी एक शब्द नाही, आणि इतक्या वर्षांत भांडणही नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटायचा. आमच्यातही शब्द फारसे नसायचे, पण भांडणं मात्र वेळच्या वेळी व्हायची.

मी छापखान्यात औषधांच्या बाटल्यांची लेबलं जुळवते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर, हातात माउस. दोघं संध्याकाळी घरी यायचो तेव्हा ह्यांची मान धरलेली, माझे डोळे चुरचुरणारे. "डबा संपवलात?" "हं." "वीज बिल आलंय." "हं." लेक घरात होती तोवर तिच्या निमित्ताने तरी बोलणं व्हायचं. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घरात नुसता फ्रिजचा आवाज राहिला.

जाताना ती आपला जुना कॉम्प्युटर आमच्या गळ्यात मारून गेली. त्यात एक गेम होता. वरून बघितल्यासारखं मैदान, त्यात आपण दोघं, एक निळा आणि एक पिवळा, आणि चारी बाजूंनी लोखंडी किडे चाल करून येतात. त्यांना गोळ्या घालायच्या आणि आपण वाचायचं. एक पडला तर दुसऱ्याने जवळ जाऊन क्षणभर उभं राहायचं, मग पडलेला उठतो. त्यात गोष्ट नाही, नायक नाही, रडारड नाही. आमच्यासारख्या दमलेल्या माणसांना परवडणारा खेळ.

सोबत एक कंट्रोलर होता. दोन्ही हातांत धरायचं खेळणं, त्यावर दोन अंगठ्यांसाठी दोन इवले दांडे. डाव्याने आपला माणूस चालवायचा, उजव्याने बंदूक रोखायची. उजवा दांडा ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला गोळ्या सुटतात. ह्यांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला, सुलटा केला आणि म्हणाले, "हे कळलं मला." मोबाइलवरून फोटो पाठवणंही अजून न जमलेला हा माणूस. मी आ वासून बघत राहिले.

मी अर्थातच माउस घेतला. मग आमचा वाद सुरू झाला, आणि तो वाद म्हणजे आमच्या संसारातल्या सगळ्यात लांब गप्पा होत्या. माउसवाले स्वतःला शहाणे समजतात, तशी मीही समजते. माउसने नेम हव्या त्या ठिपक्यावर जाऊन बसतो. दांड्याने नुसती दिशा मिळते. "तुमचा सगळा अंदाजपंचे कारभार," मी म्हणायची. "किडा राहिला बाजूला, भिंतीला भोकं पाडताय."

"असू दे," हे म्हणायचे. "पण तुझा माणूस चालतो कसा ते बघ. चार बटणं दाबून सरळ नाहीतर तिरका. चालतेस की कवायत करतेस?"

यात मात्र तथ्य होतं. ह्यांचा निळा माणूस दोन किड्यांच्या मधल्या फटीतून असा अलगद वळून जायचा, की बघत राहावं. दांडा किंचित ढकलला तर सावकाश, पूर्ण ढकलला तर पळत, आणि कुठेही धक्का नाही. मारायचे कमी, पण मरायचे त्याहून कमी. माझे किडे जास्त मरायचे आणि त्यांच्या पाठोपाठ मी. ह्यांचा निम्मा वेळ मला उठवण्यात जायचा.

आणखी एक झालं. आयुष्यभर मी ह्यांना अहो-जाहो केलं. पण "अहो, जरा मागे बघा" म्हणेपर्यंत किडा गिळून जातो. म्हणून खेळताना आपोआप "मागे बघ! अरे मागे! मेलास!" सुरू झालं. पहिल्यांदा तोंडातून निघालं तेव्हा मी जीभ चावली. हे शांतपणे म्हणाले, "उजवीकडून दोन येतायत, जीभ नंतर चाव." गेम बंद झाला की पुन्हा अहो. पण दिवसातला तो तास आमचा होता. तो मला हवा होता, हे मी स्पष्टच सांगते. त्या तासात मला नवरा होता.

मग दुसऱ्या पाळीचा क्रेनवाला नोकरी सोडून गेला. साहेब ह्यांना म्हणाले, नवा माणूस मिळेपर्यंत जरा सांभाळून घ्या. आमचे हे सांभाळून घेणाऱ्यांतले. सकाळची पाळी करून तिथेच डबा खायचा आणि पुन्हा वर चढायचं. खाली शिट्टी आणि बाकीचे हुकवाले आलटून पालटून दोन्ही पाळ्यांत असायचे, वर मात्र हे एकटेच. नवा माणूस मिळेना, कारण तो कोणी शोधतच नव्हतं. एकाच माणसाकडून दोघांचं काम निघत असेल तर शोधाशोध करणार कोण? हे घरी यायचे ते भिंत धरून बूट काढायचे. मी शेक द्यायची पिशवी मानेखाली ठेवायची आणि ती गरम आहे की गार हे सांगायच्या आत ह्यांना झोप लागलेली असायची.

आमचा तास सकाळवर गेला. हे स्वतःच म्हणाले, "सकाळी खेळू, चहा घेता घेता." अर्धी झोप डोळ्यांवर, केस विसकटलेले, आणि दोघं किडे मारतोय. मला बरं वाटलं, की ह्यांनाही तो तास हवा आहे. त्यापलीकडे मी विचार केला नाही. गेम बंद करून हे तसेच कामावर जायचे, म्हणजे कंट्रोलरवरून उठलेले हात थेट क्रेनच्या दांड्यांवर जाऊन बसायचे.

आणि एके दिवशी ते झालं. ह्यांनी मला सांगितलं ते असं. गुंडाळी हुकाला लटकलेली, जमिनीपासून कमरेइतकी वर. शिट्टी तिला हात लावून कडेने चालतोय. तेवढ्यात समोरून, गुंडाळ्यांच्या रांगेतून, एक फोर्कलिफ्टची गाडी भसकन पुढे आली. अशा वेळी क्रेनवाला डाव्या दांड्याने क्रेन आवरतो. ह्यांचा डावा हात तसाच राहिला आणि उजव्याने दांडा पुढे ढकलला. सरळ त्या फोर्कलिफ्टच्या दिशेने.

"रोखला मी," हे म्हणाले. "समोरून काही आलं आणि मी त्याच्यावर नेम धरला."

क्रेनमध्ये उजवा दांडा पुढे ढकलला की हुक खाली येतो. गुंडाळी खाली गेली. शिट्टीने उडी मारली म्हणून त्याचा पाय वाचला. ती त्याच्या बुटाला लागून टेकली. त्याने शिट्टी वाजवली, हात वर करून ठीक असल्याचं दाखवलं आणि काम पुढे चालू झालं. जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "दादा, काय झालं होतं?" हे म्हणाले, "हात चुकला." तो म्हणाला, "होतं कधीतरी." विषय संपला. ह्यांच्या दृष्टीने मात्र तो सुरू झाला होता.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते: आता आमचा तास गेला. शिट्टीच्या पायाचा विचार त्यानंतर आला.

ह्यांनी कंट्रोलर वायर गुंडाळून कपाटात ठेवला. मी म्हटलं, मग तुम्ही माउस घ्या, मी कंट्रोलर शिकते. माउसला दांडे नाहीत, म्हणजे हात गोंधळायचा प्रश्न नाही. आठवडाभर आम्ही ती फजिती करून बघितली. ह्यांनी माउस असा मुठीत धरला, की तो बिचारा दिसेनासा झाला. मग तो पुढे ढकलला, ढकलतच राहिले, आणि तो टेबलावरून खाली पडला. "ह्याला मधे यायचं कळत नाही का?" हे चिडून म्हणाले. दांडा सोडला की आपोआप मधे येतो, माउस जिथे ठेवाल तिथेच पडून राहतो, हे ह्यांच्या हाताला पटेना. माझं तर विचारूच नका. दोन अंगठ्यांनी दोन वेगळी कामं करायची म्हणजे माझी तारांबळ. मी चालायची तिकडेच गोळ्या घालायची, किडे मागून येऊन खाऊन जायचे. दोघंही मैदानात आडवे, आणि उठवायला कोणी नाही. पहिल्या दिवशी हसलो. नंतर हसूही येईना. शेवटी हे सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागले आणि कॉम्प्युटरवर मी जुनी चादर टाकली.

एवढ्यावर ह्यांचं समाधान होईना. साहेबांना सांगायला हवं, असं ह्यांच्या मनाने घेतलं. मी परोपरीने सांगितलं, नस्ती उठाठेव करू नका. पण हा माणूस सरळ. जाऊन सगळं सांगितलं, गेमसकट. साहेबांना केवढा आनंद झाला असेल! दोन पाळ्या एकाच माणसावर लादल्याचं कोणी विचारलं असतं तर त्यांना अवघड गेलं असतं. आता आयतं कारण हातात आलं. दुसऱ्याच दिवशी फळ्यावर नोटीस लागली: क्रेनचालकांनी घरी व्हिडिओ गेम खेळू नयेत. क्रेनचालक उरला होता एकच. सगळ्या गोदामाने ह्यांना पिडून काढलं. "दादा, कितव्या लेव्हलला आहात?" हे नेहमीप्रमाणे हसले नाहीत, आणि या वेळी संध्याकाळीही हसले नाहीत.

दुसरी पाळी चालूच होती.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी विषय काढला. हे खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, बोटं अर्धवट वळलेली. मी म्हटलं, "गेमचा काही संबंध नाही. तुम्ही दमलाय."

"गेमनेच झालं ते. मी रोखला दांडा. मला माहीत आहे."

"दमलेल्या माणसाचा हात कशातही चुकतो. माझाही चुकतो. परवा खोकल्याच्या औषधावर मलमाचं लेबल लावलं मी. म्हणून काय मी घरी मलम लावत बसते?"

"तुझ्या लेबलाखाली कोणी उभं नसतं."

हे खरं होतं, म्हणून मी चिडले. आणि चिडल्यावर तोंडातून सरळ निघालं, "दमलायस तू! एकदा तरी कबूल कर ना! गेम सोडता येतो, म्हणून गेमवर ढकलतोस. दमणं कुठे सोडणार?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मैदान नाही, किडे नाहीत, आणि मी अरे-तुरे करतेय. ह्यांचे डोळे भरून आले असं मला वाटलं, पण मानेचं दुखणंही असेल. "साहेबांना काय सांगू? दमलो म्हणून?" हे म्हणाले. "तिथे कोण दमलेलं नाही?"

दुसऱ्यांदा झालं ते त्यानंतर लवकरच. गेमला हात लावून बरेच दिवस झाले होते. दुसरी पाळी, काही गुंतागुंत नाही, रोजचं काम. गुंडाळी जागेवर बसवायची, शिट्टीने थांबायची शिट्टी वाजवली. ह्यांना ती ऐकू आली. ऐकू आली, कळली, आणि हात थांबला नाही. रोखला नाही, चुकला नाही, नुसता थांबला नाही. गुंडाळी जाऊन शेजारच्या गुंडाळीवर आदळली आणि शिट्टी दोन्हींच्या मधून कसाबसा बाहेर पडला. त्याचा हातमोजा आत राहिला. हातमोजा तेवढा, एवढंच नशीब.

हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी हे उन्हं असतानाच घरी आले. मला वाटलं, कामावरून काढून टाकलं.

"पाणी दे," हे म्हणाले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "दुसरी पाळी बंद केली क्रेनची. नवा माणूस येईपर्यंत."

"साहेबांनी?"

"शिट्टीने."

सकाळी सगळ्यांसमोर तो साहेबांना म्हणाला होता, की पहिल्या पाळीत मी उभा राहीन. दुसऱ्या पाळीत ह्यांच्या गुंडाळीखाली मी उभा राहणार नाही. साहेबांनी दम दिला, तेव्हा बाकीचे हुकवालेही त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. खाली माणूस नसेल तर वरच्या क्रेनचा काही उपयोग नसतो. साहेबांना दुपारपर्यंत नवा माणूस शोधायची घाई झाली.

माझा जीव भांड्यात पडला. मी तोंडभरून शिट्टीचं कौतुक केलं. जे मला घरात बसून कितीही ओरडून जमलं नाही ते त्याने चार वाक्यांत केलं. "शहाणा माणूस," मी म्हटलं. "त्याचे पाय धरायला हवेत."

"बरोबरच केलं त्याने," हे म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

ह्यांची झोप भरून यायला बरेच दिवस लागले. रंग परत आला, मान जरा वळायला लागली. नोटीस अजून फळ्यावर होती, पण मी काही त्या साहेबांची नोकर नाही. मी चादर काढली, कपाटातून कंट्रोलर काढला आणि ह्यांच्या हातात दिला. "गेमवर आता आळ नाही," मी म्हटलं. "संध्याकाळ आहे, तुम्ही ताजे आहात, खेळा." हे खेळायला लागले. अंगठ्यांनी पूर्वीसारखंच अलगद वळायला सुरुवात केली. माझ्या माउसने किडे पटापट पडायला लागले. मला मनापासून आनंद झाला होता, तो लपवायचं कारण नव्हतं. मी ओरडत होते, मरत होते, हे येऊन मला उठवत होते. फक्त ह्यांच्याकडून आवाज येत नव्हता. कवायतीवरून टोमणा नाही, काही नाही.

असं बऱ्याच संध्याकाळी झालं, तेव्हा मी खेळ मधेच थांबवला. "आता काय बिनसलंय? पाळी गेली, झोप मिळते, शिट्टी पहिल्या पाळीत उभा राहतो ना तुमच्यासाठी?"

"राहतो."

"मग?"

"वर बघतो."

मला कळलं नाही. ह्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"गुंडाळी उचलली की वर बघतो. चालताना बघतो, बसवताना बघतो. माझ्याकडे. आधी कधी बघायचा नाही. खाली आपलं काम करत राहायचा, मी आहे म्हणून."

"बघू दे की," मी म्हटलं. "त्याला जपायला नको का स्वतःला? तो काही तुमच्यावर राग धरून नाही."

"राग नाहीच. माझ्यासाठी डब्यातलं ठेवतो अजून." पडद्यावर आमचे निळा आणि पिवळा एकमेकांशेजारी थिजून उभे होते. "अगं, माझं काम काय होतं सांगू? गुंडाळ्या उचलायचं नव्हतं. त्याला वर बघावं लागू नये, एवढंच होतं."

मी माउसवरचा हात काढला आणि ह्यांच्या हातावर ठेवला. खेळ मग कोणीच सुरू केला नाही.